आईचं दूध आणि आईचा वेळ : कापूरहोळपासून उसाच्या फडापर्यंत



आजचा विषय जाहीर झाल्यावर मला दोन फोन आले. एक जुने सहकारी म्हणाले, "सर, आयुष्यभर कांट शिकवलात, आता हे काय काढलंत?" दुसऱ्यांनी जरा संकोचून विचारलं, "हा बायकांचा विषय नाही का?" दोघांनाही मी म्हटलं, या आणि ऐका. पण दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच देतो. एखादी गोष्ट बायकांची म्हणून बाजूला ठेवली की तिचा इतिहास लिहायचा राहून जातो, आणि इतिहास नसला की ती गोष्ट निसर्गतःच तशी आहे असं सगळ्यांना वाटायला लागतं. आईच्या दुधाचं तसं झालं आहे. गाय दूध देते, आई दूध पाजते, त्यात सांगण्यासारखं काय? सांगण्यासारखं पुष्कळ आहे.

सुरुवात घरापासून करतो. पत्नीची परवानगी घेतली आहे. १९७९ साली आमची मोठी मुलगी झाली. आम्ही सांगलीत दोन खोल्यांत राहत होतो, माझी आई आमच्याजवळ असायची. पत्नी शेजारच्या गावात शाळेत शिकवायची. तीन महिन्यांची रजा संपली आणि ती कामावर जाऊ लागली. सकाळी नऊला घर सोडायचं, संध्याकाळी सहाला परत. दुपारी बारा-साडेबाराला तिची छाती दाटून यायची, पदर भिजायचा. मग ती प्रयोगशाळेच्या मागच्या सामानाच्या खोलीत जायची, दाराला आतून कडी लावायची, हाताने दूध पिळून एका वाटीत काढायची आणि ते मोरीत ओतून द्यायची. त्याच वेळी घरी माझी आई डब्यातली पावडर पाण्यात कालवून बाटलीने बाळाला पाजत असायची. पावडर महाग, म्हणून जरा पातळच. पावसाळ्यात मुलीला दोनदा जुलाब झाले, वजन महिनाभर हललं नाही. 'हिला दूध पुरत नाही' असं आईने ठरवलं आणि मी मान डोलावली. मी त्या वेळी प्रबंध लिहीत होतो. विषय होता, कर्तव्य.

वाटीतल्या दुधाची गोष्ट पत्नीने मला तेव्हा सांगितली नाही. गेल्या वर्षी सांगितली. मुलीची मुलगी, म्हणजे आमची नात, चार महिन्यांची झाली आणि मुलगी परत ऑफिसला जाऊ लागली. तिच्याकडे दूध काढायचा पंप आहे. ऑफिसात दोनदा दूध काढते, बाटलीवर तारीख-वेळ लिहिते, बर्फाच्या पिशवीतून घरी आणते, दुसऱ्या दिवशी तेच दूध नातीला वाटी-चमच्याने पाजतात. पत्नीने ते यंत्र हातात घेऊन बघितलं आणि म्हणाली, "वाटी तर माझ्याकडेही होती. घरी न्यायची, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही."

त्या वाक्याने हे व्याख्यान सुचलं. दूध होतं, बाळही होतं. मधे सात-आठ मैलांचं अंतर होतं आणि आठ-नऊ तासांचा वेळ होता. आपण मात्र 'दूध पुरत नाही' असं म्हणून सगळा दोष आईच्या अंगावर टाकला. आज मला एवढंच दाखवायचं आहे की आईच्या दुधाचा इतिहास हा बहुतेक करून आई आणि मूल यांच्यामधल्या अंतराचा इतिहास आहे.

साताऱ्याहून पुण्याला जाताना कापूरहोळ लागतं. तिथल्या गाडे पाटलांच्या घरातली धाराऊ ही संभाजी महाराजांची दूधआई, असं परंपरा सांगते. संभाजीराजांचा जन्म १६५७चा, पुरंदरावर. बाळंतपणानंतर सईबाईंची प्रकृती बिघडली, आणि १६५९ साली त्या गेल्या. राजपुत्राला दूध हवं होतं, ते धाराऊने दिलं. आपण हे कौतुकाने सांगतो, सांगायलाच हवं. पण यातला एक प्रश्न कुणी विचारत नाही. दूधआईला दूध येतं म्हणजे तिच्या स्वतःच्या मांडीवरही तान्हं असतं. त्याच्या वाट्याचं काय झालं? मोठ्या घरच्या बाळासाठी दुसऱ्या आईचं दूध आणता येत होतं, अंतर माणूस आणून भरून काढलं जात होतं. गरिबाच्या घरी तशी सोय नव्हती.

दुसरी आठवण रायगडाची. हिरकणीची. कोजागिरीचा दिवस, गडावर दूध घालायला आलेली गवळण, संध्याकाळी दरवाजे बंद झाले, घरी तान्हं मूल. ती कडा उतरून गेली, आणि त्या जागी महाराजांनी बुरूज बांधला, अशी आख्यायिका. कागदोपत्री पुरावा मागणारे मागतील. मला त्यापेक्षा कथेची रचना महत्त्वाची वाटते. ती दिवसभर दुसऱ्यांसाठी दूध वाहून नेते आणि तिचं स्वतःचं बाळ उपाशी राहतं ते नियमामुळे. दरवाजा वेळेवर बंद झाला पाहिजे, नियम तो नियम. आपण तिच्या धाडसाचा बुरूज केला. दरवाज्याच्या वेळेबद्दल मात्र कथा काही बोलत नाही.

आज एस.टी.च्या स्थानकात बाळाला पाजण्यासाठी हिरकणी कक्ष असतो, आणि निमआराम गाडीचंही नाव हिरकणीच आहे. गाडीत सीट मिळते, कक्षाला कुलूप असतं, असा माझ्या विद्यार्थिनींचा अनुभव. २०२२च्या डिसेंबरात आमदार सरोज अहिरे आपलं अडीच महिन्यांचं बाळ घेऊन नागपूरच्या अधिवेशनाला आल्या, तेव्हा विधिमंडळात अशा खोलीची चर्चा झाली. म्हणजे कायदे करणाऱ्यांच्या इमारतीतही २०२२पर्यंत हा प्रश्न पडलेला नव्हता.

आता जरा स्वयंपाकघरात आणि गोठ्यात येऊ. आपला कृष्णाकाठ दुधाचा. भिलवडीची डेअरी १९३९ सालची. इथल्या शेतकऱ्याला दुधाचं शास्त्र शिकवावं लागत नाही. गाय-म्हैस व्याली की पहिल्या दुधाचा चीक निघतो. त्याचा आपण खरवस करतो, शेजाऱ्यांना वाटतो. आणि बाईचा चीक? पिवळट, घट्ट, 'बाळाला बाधेल' म्हणून पिळून टाकायचा. दोन-तीन दिवस बाळाला मध नाहीतर गुळाचं पाणी चाटवायचं. वासराला चीक पाजला नाही तर ते जगत नाही हे ज्या घराला ठाऊक होतं, त्याच घरात हे चालत होतं. आज डॉक्टर सांगतात की या चिकात रोगाशी झगडणारे घटक सगळ्यात जास्त असतात, ती बाळाची पहिली लसच समजा. आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात द्यायचा नाही.

दुसरा शब्द, पान्हा. फार सुंदर शब्द आहे. म्हैस पान्हा सोडते, गाय पान्हा चोरते. धार काढणारा आधी रेडकू लावतो, पुढे आंबोण ठेवतो, मग सडाला हात लावतो. म्हैस बिथरली, अनोळखी माणूस आला, कुत्रं भुंकलं, तर दूध असूनही खाली उतरत नाही. बाईच्या शरीरातही हेच घडतं. दूध तयार होणं वेगळं आणि उतरणं वेगळं. उतरवण्याचं काम ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक करतं, आणि भीती, घाई, लाज, वेदना यांनी ते अडतं. म्हणून पंप लावून बसलेल्या मुलीला 'एवढंच निघालं?' असं विचारू नये. पंपात जेवढं निघतं त्यावरून किती दूध आहे हे ठरत नाही. बाळ ओढतं तसं यंत्र ओढत नाही. पण ती निवांत बसली, बाळाचा फोटो समोर ठेवला, थोडं शेकलं, हलक्या हाताने चोळलं, तर फरक पडतो. आणि जितकं नियमित रिकामं होईल तितकं परत भरतं. दोन-दोन दिवस काढलंच नाही तर शरीराला वाटतं, आता गरज नाही.

मी सारखा विचार करतो, आपण म्हशीची इतकी समजूत काढतो. बाईची कुणी काढली?

इथून मुंबईला जाऊ, कारण साताऱ्याचा इतिहास गिरणगावाशिवाय पुरा होत नाही. रत्नागिरी आणि सातारा या दोन जिल्ह्यांनी गिरण्यांना माणसं पुरवली. १९२०च्या दशकात गिरणी कामगारांत साधारण पाचात एक बाई होती. रिळं भरायची, सूत गुंडाळायची. त्या काळात सरकारने डॉ. फ्लॉरेन्स बार्न्स या बाई डॉक्टरांना गिरणीतल्या बाळंतिणींची पाहणी करायला नेमलं. त्यांना आढळलं की कामाला जाणाऱ्या आया तान्ह्यांना अफूची गोळी देऊन जातात. बाळगोळी म्हणायचे. दिवसभर मूल झोपून राहायचं, भुकेने रडायचं नाही. ऐकायला क्रूर वाटतं. पण त्या आयांसमोर काय होतं बघा. दहा तासांची पाळी, चाळीतली खोली, सांभाळायला एखादी म्हातारी, नाहीतर आठ वर्षांची बहीण. आईच्या छातीत दूध, आणि मूल अफूने झोपलेलं.

१९२१ साली मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे सहाशेहून अधिक बालमृत्यू नोंदले गेले. हा आकडा जपून वाचायला हवा. पुष्कळ बायका बाळंतपणाला गावी, आपल्याकडे किंवा कोकणात यायच्या. जन्माची नोंद गावात, किंवा कुठेच नाही, आणि मूल दगावलं ते मुंबईत. त्यामुळे प्रमाण फुगलेलं आहे. पण हे कारण सांगतानाही तेच अंतर दिसतं. गावात जन्मलेलं मूल गिरणीच्या भोंग्यापाशी जाऊन मेलं.

जगात हा विचार सुरू झालेला होता. १९१९ साली वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने ठराव केला की अंगावर पाजणाऱ्या कामगार आईला कामाच्या वेळेत अर्धा-अर्धा तास दोनदा सुट्टी मिळावी. आपल्याकडे ना. म. जोशींनी १९२४ साली केंद्रीय विधिमंडळात प्रसूती भत्त्याचं विधेयक आणलं, ते मंजूर झालं नाही. मग मुंबई प्रांताच्या कौन्सिलात आसवले यांनी विधेयक मांडलं, आणि जुलै १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले. त्यांच्या म्हणण्याचा गाभा असा की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे. म्हणून सरकारने भार उचलावा, पण त्या बाईच्या श्रमाचा फायदा मालकाला होतो, तेव्हा त्यानेही उचलावा.

बाबासाहेबांचा आणि साताऱ्याचा संबंध तुम्हाला माहीत आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांचं नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झालं. त्यांची आई भीमाबाई साताऱ्यातच वारल्या, ते अगदी लहान असताना. पुढे आत्याने, मीराबाईंनी, त्यांना सांभाळलं. एका गोष्टीचा संबंध दुसरीशी लावायला मी कचरतो. पण आईवाचून वाढलेला मुलगा पुढे कौन्सिलात उभा राहून आईच्या विश्रांतीसाठी बोलतो, हे मला विसरता येत नाही.

१९२९ साली मुंबई प्रांताचा प्रसूती लाभ कायदा झाला. रोज आठ आणे, काही आठवडे. स्वातंत्र्यानंतर १९४८च्या कारखाना कायद्यात पाळणाघराची अट आली. १९६१च्या केंद्रीय कायद्यात मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजायला सुट्टी आली. २०१७ साली रजा सव्वीस आठवडे झाली, पन्नास किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघर आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा. कागदावर उत्तम. पण प्रत्येक सोयीबरोबर मालकाचं एक गणितही बदलत गेलं. बाई ठेवली की खर्च वाढतो, म्हणून बाईच कमी करा. गिरण्यांत बायकांचं प्रमाण पुढे घटत गेलं, त्याच्या कारणांत हे एक होतं.

कायदा बाजूला ठेवून क्षणभर बाटलीकडे बघू. आमच्या धंद्यातला एक मोठा माणूस, रूसो. १७६२च्या 'एमिल'मध्ये त्याने आयांना बजावलं की मुलांना स्वतः पाजा, दाईकडे देऊ नका. आणि स्वतःची पाचही मुलं त्याने अनाथालयात सोडली होती. उपदेश नेहमी आईला, असा हा जुना रिवाज आहे. विसाव्या शतकात उपदेशाची दिशा उलटली. डब्यावर गुटगुटीत बाळाचं चित्र आलं आणि डबा शास्त्रीय ठरला. १९३९ साली डॉ. सिसिली विल्यम्स यांनी सिंगापुरात भर सभेत सांगितलं की गरीब वस्तीत डब्याच्या दुधाची जाहिरात म्हणजे खूनच. अस्वच्छ पाणी, न उकळलेली बाटली, पातळ केलेली पावडर. माझ्या घरात चाळीस वर्षांनी जे घडलं त्याचं वर्णन त्या बाईंनी आधीच करून ठेवलं होतं. १९८१ साली जागतिक आरोग्य सभेने या जाहिरातींसाठी आचारसंहिता केली. आपल्याकडे १९९१च्या डिसेंबरात वर्ध्याला स्तनपानाच्या प्रसारासाठी बीपीएनआय ही डॉक्टरांची, कार्यकर्त्यांची संघटना उभी राहिली. १९९२ साली कायदा झाला. डब्यावर बाळाचं चित्र नको, फुकट नमुने नकोत, जाहिरात नको. डबा लागणाऱ्या आया असतात, आजारपण असतं, त्यांना दोष देण्यासाठी हा कायदा नाही. तो आहे विकणाऱ्यांसाठी.

आणि आता पंप. १९२०च्या दशकात अमेरिकेत एडवर्ड लास्कर नावाच्या अभियंत्याने विजेवर चालणारा पंप तयार केला. हा गृहस्थ नावाजलेला बुद्धिबळपटू होता. सांगली ही बुद्धिबळाची नगरी, म्हणून मुद्दाम सांगितलं. पंप त्या वेळी रुग्णालयांत वापरले जात, अपुऱ्या दिवसांच्या, ओढून पिण्याची ताकद नसलेल्या बाळांसाठी. म्हणजे पंपाचा जन्मही अंतरातून झाला. आई वॉर्डात आणि बाळ पेटीत.

हेच अंतर आपल्याकडे एका बाईने ओळखलं. डॉ. आर्मिडा फर्नांडिस. १९८९ साली मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात त्यांनी मानवी दुधाची पेढी सुरू केली, आशियातली पहिली. पालिकेचं रुग्णालय, शेजारी धारावी, येणाऱ्या बायका गरीब. ज्यांना दूध जास्त त्या काढून देतात. ते ६२.५ अंशाला तीस मिनिटं तापवतात, जंतू तपासतात, उणे वीस अंशाला गोठवून ठेवतात, आणि ज्या नवजातांच्या आया आजारी आहेत किंवा नाहीत, त्यांना देतात. पैसे नाहीत, विक्री नाही. कापूरहोळच्या धाराऊला राजवाड्यात बोलावावं लागलं. इथे धारावीतली बाई न पाहिलेल्या बाळाची दूधआई होते, आणि तिच्या स्वतःच्या बाळाचं पोट आधी भरलेलं असतं. दूधपेढीचा तो पहिला नियम आहे. मला हा गेल्या शतकातला मोठा नैतिक शोध वाटतो.

आज घरात तान्हं असलेले कुणी ऐकत असतील त्यांच्यासाठी थोडं व्यवहाराचं. सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नको. पुरतंय की नाही हे बाळाच्या रडण्यावरून ठरवू नका. पहिला आठवडा गेल्यावर दिवसाला सहा किंवा जास्त वेळा लघवी होते का बघा. जन्माचं वजन दोन आठवड्यांत भरून यावं, पाच-सहा महिन्यांत दुप्पट व्हावं. वजन अंगणवाडीत करून मिळतं. पंप नसला तरी हात धुऊन, स्वच्छ वाटीत हाताने काढलेलं दूध तितकंच चांगलं. बाहेर ते चार तासांच्या आसपास टिकतं, आपल्या उन्हाळ्यात आणखी कमी धरा. उरलेलं फ्रीजमध्ये ठेवा. गॅसवर उकळू नका, कोमट पाण्यात भांडं धरा. शंका आली तर डॉक्टरांना दाखवा, शेजाऱ्यांना नको. आणि सहा महिन्यांनंतर वरचं अन्न सुरू करायचं, दूध चालू ठेवून.

शेवटी जिथे राहतो तिथे येतो. दिवाळी झाली की आपल्या दोन्ही जिल्ह्यांत ऊसतोड सुरू होते. बीडकडून टोळ्या येतात, आपल्याच जतकडूनही जोड्या बाहेर पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल घेतलेली असते, खाडा झाला की पैसे कापले जातात. पहाटे अंधारात फड सुरू होतो, रात्री-अपरात्री गाडी भरायची. बांधावर झाडाला लुगड्याची झोळी, झोळीत तान्हं, झोका द्यायला चार-पाच वर्षांचं भावंड.

या बाईला पंप नको आहे. फ्रीज नको आहे. बाळ तिच्यापासून वीस पावलांवर आहे. तिला वीस मिनिटं हवी आहेत, तीही दिवसातून पाच-सहा वेळा, पैसे न कापता. सावली हवी, प्यायला पाणी हवं, दुपारी पोटभर भाकरी हवी. मोठ्या मुलांसाठी साखरशाळा निघाल्या, महामंडळही झालं. पण १९१९ साली वॉशिंग्टनला जो अर्धा तास मागितला गेला, तो शंभर वर्षांनी कृष्णाकाठच्या फडात पोचलेला मला दिसला नाही. आपल्या राज्यात शंभरातली पंचाण्णवच्या आसपास बाळंतपणं आता दवाखान्यात होतात, तरी जन्मानंतर तासाभरात आईचं दूध मिळतं ते जेमतेम निम्म्या बाळांना. म्हणजे आई आणि मूल एकाच खाटेवर असतानाही अंतर उरतं. मग फडात किती असेल?

धार काढताना आपण म्हशीपुढे आंबोण ठेवतो. ज्या बाईच्या कोयत्यावर आपले कारखाने चालतात, तिच्यापुढे काय ठेवतो, हे प्रत्येक गळीत हंगामाला विचारलं पाहिजे. विचारणारे तुम्ही आहात. कारखान्याचे सभासद इथे बसले आहेत, सर्वसाधारण सभेत प्रश्न विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

मी चाळीस वर्षांपूर्वी माझ्या घरात तो विचारला नाही. दूध मोरीत गेलं. एवढं कबूल करून थांबतो.